बार्शी लाईटचा साहेब आणि विमानातली छत्री

 

आजच्या विषयाची पत्रिका पाहून एक-दोघांनी मला विचारलं, की सर, बीड जिल्ह्यात बसून तुम्ही पॅराशूटवर काय बोलणार? आपल्याकडे विमानतळ नाही. रेल्वेसुद्धा बीड शहरात यायला 17 सप्टेंबर 2025 उजाडलं, अहिल्यानगरहून. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर रेल्वेतच आहे, म्हणून सुरुवात रेल्वेपासून करतो.

बीडला गाडी नव्हती तेव्हा अंबाजोगाई, केज, धारूर या भागातला माणूस गाडी धरायला कुठं जायचा? परळीला, नाहीतर लातूरला. लातूरहून निघणारी ती छोटी गाडी, अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची, बार्शीवरून कुर्डुवाडीला जायची. पुढे पंढरपूर, मिरज. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्या गाडीतून आषाढी केली आहे. चढावर गाडी इतकी हळू व्हायची, की पोरं उतरून बाजूनं चालायची, अशा गोष्टी अजून सांगितल्या जातात. त्या गाडीचं नाव बार्शी लाईट रेल्वे. खाजगी कंपनी होती, 1954 साली सरकारनं ती घेतली. आता तिथं ब्रॉडगेज झाली.

ही रेल्वे ज्याच्या डोक्यातून निघाली तो माणूस म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. जन्म 1857, इंग्लंडातल्या शेतकरी घरातला. क्रू इथल्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली आणि 1882 साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत, म्हणजे जिला आपण जीआयपी म्हणतो तिच्यात, इंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानात आला. आणि याच कॅलथ्रॉपनं पुढे पहिल्या महायुद्धात विमानासाठी पॅराशूट बनवलं. त्याचं नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. आपण त्याला रक्षक देवदूत म्हणू. अंबाजोगाईकरांना कापडावर ग्रंथ लिहिणारे दासोपंत माहीत आहेत. कापडावर माणसाचा जीव टांगणारा हा बार्शीचा साहेब मात्र फारसा कोणाला माहीत नाही.

आता बार्शीला काय झालं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याशिवाय पॅराशूटचं कोडं उलगडत नाही.

बार्शी ही कापसाची पेठ. जीआयपीचा मुख्य मार्ग तिथून एकवीस मैलांवरून गेला. त्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत, आजचं कुर्डुवाडी. मधला प्रवास बैलगाडीनं. मोठ्या कंपनीला एवढ्या तुकड्यासाठी रुंद रूळ टाकणं परवडेना. कॅलथ्रॉपनं 1887 च्या सुमारास इथं पाहणी केली आणि म्हटलं, रूळ अरुंद करू, हलके करू, पण गाडी मात्र पुरेसा माल ओढील अशी करू. कंपनी उभी राहिली 1895 मध्ये, गाडी धावली 1897 मध्ये.

त्याची खरी कल्पना एका आकड्यात होती. पाच टन. इंजिन असो, वाघीण असो, डबा असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. हलक्या रुळाला काय मोडतं? एकूण वजन मोडत नाही, एका जागी पडलेलं वजन मोडतं. शंभर किलोचं पोतं एका माणसाच्या डोक्यावर दिलं तर तो बसेल. चौघांनी झोळीत धरलं तर गावभर फिरवतील. तर कॅलथ्रॉपनं सगळ्या गाड्या अशा आखल्या, की भार सगळ्या आसांवर सारखा वाटला जावा, आणि लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून त्यांची चाचणी करून दाखवली. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाच्या किरकोळ रुळांवरून चांगला भरलेला माल जाऊ लागला. लाईन पंढरपूरला गेली, 1911 मध्ये लातूरला आली, आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली.

या माणसाला घोड्यांचंही वेड होतं. अरबी घोडे पाळायचा, आणि घोडा हा सोबती आणि मित्र कसा, यावर त्यानं 1920 मध्ये एक पुस्तक लिहिलं. हे मी उगाच सांगत नाही. घोड्याचा साज ज्यानं नीट पाहिला आहे त्याला पट्टा अंगावर कुठं बसावा, ओढ कुठं यावी, कुठं काचू नये हे कळतं. पॅराशूटच्या पट्ट्यांना इंग्रजीत घोड्याच्या साजाचाच शब्द आहे, हार्नेस.

1910 च्या जुलैत त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, बोर्नमथला विमान कोसळून गेला. विमानाच्या शेपटीचा भाग हवेत मोडला होता. उंची फार नव्हती. त्यानंतर कॅलथ्रॉप पॅराशूटच्या मागे लागला.

आता पॅराशूट ही वस्तू तेव्हा नवी नव्हती. पॅरिसमध्ये गार्नेरॅ हा माणूस 1797 मध्येच फुग्यातून छत्री घेऊन उतरला होता. आपल्याकडे कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी यांनी 1890 मध्ये फुग्यातून पॅराशूटनं उडी घेतली होती. पण तो जत्रेतला खेळ. फुगा एका जागी शांत तरंगतो. छत्री आधीच लोंबकळत असते, माणूस तिच्याखाली सुटतो. विमानाचं तसं नाही. विमान वेगात जातं, त्याला पंख, तारा, शेपूट, सगळीकडे अडकायच्या जागा. ते गिरक्या घेत पडत असलं तर माणूस कुठल्या बाजूला फेकला जाईल सांगता येत नाही.

आणि त्या काळी जाणत्या लोकांचीही एक ठाम समजूत होती. माणूस मोकळा पडू लागला की त्याची शुद्ध जाते, निदान हात तरी हलत नाही. म्हणजे त्यानं स्वतः दोरी ओढून छत्री उघडावी, हा विचारच वेडेपणाचा. छत्री आपोआप उघडली पाहिजे.

कॅलथ्रॉपचं यंत्र याच समजुतीवर उभं होतं. रेशमी छत आणि त्याच्या दोऱ्या नीट घडी घालून एका डब्यात ठेवलेल्या. तो डबा विमानाला, पोटाखाली किंवा बाजूला, बसवलेला. वैमानिकाच्या अंगावर फक्त पट्ट्यांचा साज, आणि साजापासून डब्यापर्यंत एक दोर. वैमानिकानं उडी मारायची, बस. त्याच्या वजनानं दोर ताणला जातो, दोऱ्या निघतात, छत निघतं, हवा भरते. हाताचं काम शून्य. माणसाच्या घाबरण्याला त्यात जागाच ठेवलेली नव्हती. रेल्वेवाल्याचं डोकं आहे हे. रेल्वेत सुरक्षिततेचा विचार नेहमी असाच चालतो, की ड्रायव्हर चुकला, झोपला, मेला, तरी गाडी थांबली पाहिजे. 1916 मध्ये तर त्यानं दाबलेल्या हवेनं वैमानिकाला विमानाबाहेर फेकण्याच्या आसनाचंही पेटंट घेतलं. आजच्या लढाऊ विमानातल्या इजेक्शन सीटचा तो आजोबाच म्हणायचा.

यंत्र चाललं का? चाललं. 13 जानेवारी 1917 रोजी ऑरफर्ड नेस इथं कॅप्टन क्लाइव्ह कॉलेट या न्यूझीलंडच्या वैमानिकानं विमानातून गार्डियन एंजल घेऊन उडी मारली. ब्रिटिश सैन्यातली विमानातून घेतलेली ही पहिली पॅराशूट उडी. त्याच वर्षी थॉमस ऑर्ड-लीज नावाच्या अधिकाऱ्यानं लंडनच्या टॉवर ब्रिजवरून उडी मारून ते खाली थेम्सच्या पाण्यात उतरवून दाखवलं. हे ऑर्ड-लीज म्हणजे शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेत बर्फात अडकून पडलेल्यांपैकी एक. जिवंत परत आल्यावर माणूस घरी स्वस्थ बसेल असं आपल्याला वाटतं. पुलाची ती उंची दीडशे फुटांच्या आसपास. दगड सोडला तर तीन सेकंदांत पाण्यात. तेवढ्यात छत्री उघडली, याचा अर्थ यंत्र झटपट उघडत होतं.

मग ब्रिटिश वैमानिकांना ते मिळालं का?

नाही मिळालं. फुग्यातून टेहळणी करणाऱ्यांना पॅराशूट होतं. शत्रूच्या मुलखात रात्री हेर उतरवायला गार्डियन एंजल वापरलं गेलं. पण विमान चालवणाऱ्या पोरांना युद्ध संपेपर्यंत ते सरसकट दिलं गेलं नाही. लाकूड, कापड आणि पेट्रोलची टाकी, असं ते विमान. एकदा पेटलं की आत बसायचं नाहीतर तसंच उडी मारायची.

का दिलं नाही, याची कारणं तेव्हा अनेक सांगितली गेली. डबा जड आहे, विमानाची शक्ती आधीच बेताची, तेवढ्या वजनानं उंची आणि वेग कमी होईल. एका आसनाच्या छोट्या विमानात तो बसवायला जागा नाही. दोर शेपटीत अडकेल. ही कारणं खोटी नव्हती, हे लक्षात घ्या. वरून एक कुजबूज अशी, की सुटायची सोय दिली तर पोरं विमान टाकून लवकर उडी मारतील. या शेवटच्या कारणावर इंग्रजांनी नंतर स्वतःच पुष्कळ शाई खर्च केली आहे. मला त्यात वेगळंच दिसतं. वजनाचं कारण खरं असेल तर तेवढंच पुरेसं आहे, दुसरं कारण लागतच नाही. माणूस जेव्हा एका निर्णयाला चार कारणं देतो तेव्हा बहुतेक वेळा खरं कारण पाचवं असतं. इथं पाचवं कारण साधं आहे. निर्णय घेणारा आणि विमानात बसणारा ही दोन वेगळी माणसं होती.

हे मी दुसऱ्यांच्या देशाबद्दल फार ऐटीत बोलतो आहे. आपल्याकडे विहीर खोदताना यारीच्या डब्यात उभा राहून माणूस साठ-सत्तर फूट खाली जातो. तार एक. ती तुटली तर दुसरी काही नाही. दुसरी तार लावायला काय लागतं, याचा हिशेब करणारा माणूस काठावर उभा असतो.

असो. पुढे चला.

जर्मनांनी 1918 मध्ये आपल्या वैमानिकांना पॅराशूट दिलं, हाइनेके नावाच्या माणसाचं. त्यात एक फरक होता आणि तो महत्त्वाचा आहे. डबा विमानाला नव्हता, गठडी माणसाच्या अंगावर होती. दोर मात्र विमानाला बांधलेलाच. म्हणजे आपोआप उघडणं तेच, पण छत माणसाबरोबर बाहेर येतं. ते निर्दोष नव्हतं, काही जण त्यातही गेले. पुढे नाव कमावलेला अर्न्स्ट उडेट हा वैमानिक 1918 च्या जूनमध्ये विमानातून बाहेर पडला तेव्हा त्याचा साज सुकाणूत अडकला. झगडून सुटला तेव्हा जमीन जवळ आली होती. छत्री उघडली आणि तो वाचला.

तिसरा टप्पा अमेरिकेत. 28 एप्रिल 1919, ओहायो राज्यातलं मॅककुक फील्ड. लेस्ली अर्विन नावाचा तरुण विमानातून मोकळा पडला, कशालाही बांधलेला नाही. पाठीवर गठडी, हाताशी कडी. पडता पडता त्यानं कडी ओढली, छत्री उघडली. खाली येताना घोटा मोडला, पण शुद्ध गेली नव्हती आणि हात हलला होता. पन्नास-शंभर वर्षांची समजूत काही सेकंदांत संपली. तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी इथं थोडं थांबतील. मोकळं पडल्यावर माणूस बेशुद्ध होतो, हे कुणी पाहिलं होतं? कुणीच नाही. जे मोकळे पडले ते सांगायला परत आले नव्हते, आणि जे परत आले ते बांधलेले होते. जमिनीवर सापडलेला मृतदेह पाहून, तो वरच बेशुद्ध झाला असणार, असं अनुमान. धूर दिसला म्हणून अग्नी, हे ठीक. इथं राख पाहून धुराचा रंग सांगत होते.

त्याच वर्षी, त्याच मॅककुक फील्डवर, गार्डियन एंजलचीही चाचणी झाली. रॉयल एअर फोर्सचे लेफ्टनंट कॉल्डवेल ते दाखवायला गेले होते. उडी मारली तेव्हा दोर विमानाच्या बाहेर आलेल्या एका भागात अडकला आणि तुटला. कॉल्डवेल गेले. ज्या दोषाची भीती सगळे दाखवत होते, नेमक्या त्याच दोषानं.

त्यानंतर अमेरिकेनं अर्विनची पद्धत घेतली. 1922 च्या ऑक्टोबरमध्ये हॅरल्ड हॅरिस हा वैमानिक अशा छत्रीनं मोडक्या विमानातून वाचला. पुढे पॅराशूटनं जीव वाचलेल्यांचा एक संघच निघाला, रेशमाच्या किड्यावरून त्याचं नाव कॅटरपिलर क्लब. ब्रिटिश वायुदलानंही विसाच्या दशकाच्या मध्यावर अर्विनचंच पॅराशूट घेतलं. कॅलथ्रॉप 1927 च्या मार्चमध्ये वारला. त्याची रेल्वे मिरजेला पोचली ते हेच वर्ष.

इथं व्याख्यान संपवलं तर गोष्ट अशी होईल, की बिचारा हरला. पण गोष्ट अशी नाही.

आता थोडं गणित. माणूस मोकळा पडतो तेव्हा हवेच्या अडथळ्यामुळे त्याचा वेग एका मर्यादेला येऊन थांबतो, सेकंदाला पंचावन्न मीटरच्या आसपास. ताशी दोनशे किलोमीटर. छत्रीखाली तोच वेग साडेपाच मीटरवर येतो. म्हणजे दहापट कमी. पण आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गावर असते, म्हणून ती शंभरपट कमी होते. साडेपाच मीटर वेगानं जमिनीवर येणं म्हणजे पाच फुटांच्या बांधावरून उडी मारणं. तरुण माणूस ते झेलतो.

मग अडचण कुठं? उघडण्यात. वेग एका क्षणात कमी झाला तर तो झटका अंगावर येतो. कापड फाटतं, हाडं मोडतात. बार्शीच्या रुळाचाच हा प्रश्न आहे. एकूण भार किती, हे पुरेसं नाही. तो किती वेळात आणि किती जागांवर वाटला जातो, हे बघावं लागतं. म्हणून छताचे तुकडे, त्यांच्या शिवणी, दोऱ्यांची संख्या, मांड्यांवरून, खांद्यांवरून जाणारे पट्टे, हे सगळं भार वाटण्याचं शास्त्र आहे. आणि आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जाव्यात, मग छतात हवा भरावी, असा क्रम ठेवला तर झटका सौम्य होतो आणि गुंताही कमी होतो.

हा क्रम किती मोलाचा आहे ते दुसऱ्या महायुद्धात कळलं. आता सैनिकांच्या तुकड्याच विमानातून उतरवायच्या होत्या. पाचशे-सहाशे फुटांवरून, एकामागून एक, अंगावर बंदूक आणि ओझं. अशा वेळी प्रत्येकानं स्वतः कडी ओढायची म्हटलं तर कुणी लवकर ओढील, कुणी ओढणारच नाही. म्हणून कॅलथ्रॉपचा आपोआप ओढणारा दोर परत आला. विमानात एक तार, तिला दोराचा आकडा, माणूस उडी मारतो, दोर गठडी उघडतो. याला स्टॅटिक लाईन म्हणतात. गठडी मात्र माणसाच्या पाठीवर. ब्रिटनमध्ये 1940 च्या जुलैत सरावातच एक सैनिक दोऱ्यांच्या गुंत्यामुळे दगावला. त्यानंतर रेमंड क्विल्टर याची घडीची पिशवी आणि अर्विनचा साज असा मेळ घातला गेला आणि आधी दोऱ्या, मग छत, हा क्रम पक्का झाला.

पण एक गोष्ट पाहा. अमेरिकन छत्रीधारी सैनिकाच्या छातीवर दुसरी, राखीव छत्री असायची. ब्रिटिश सैनिक अख्खं युद्ध एकाच छत्रीवर उतरला. एकच तार. पुन्हा तोच काठावरचा हिशेब.

हिंदुस्थानात 1941 च्या ऑक्टोबरमध्ये 50 पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली. त्याच साली कानपूरला पॅराशूटचा सरकारी कारखाना निघाला. रेशीम आणि नायलॉन दुर्मिळ झालं तेव्हा ब्रह्मदेशच्या आघाडीवर जनरल स्लिम यांच्या लोकांनी सामान टाकायला तागाच्या छत्र्या करून घेतल्या. ‘पॅराज्यूट’ हे त्यांचं नाव. कलकत्त्याच्या ताग गिरण्यांनी त्या पुरवल्या. माणसांसाठी नाही, पोती आणि पेट्यांसाठी. दाळ-तांदूळ तागाच्या छत्रीखाली उतरला. हे मला फार आवडतं. किती सुरक्षितता कशाला लागते, याचा हा अगदी स्वच्छ विचार आहे. तांदळाच्या पोत्याला रेशीम लागत नाही.

आणि आता मराठी माणसाकडे येतो. मराठा लाईट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. इटलीत 1944 मध्ये व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे हे याच बटालियनचे. ही बटालियन पुढे छत्रीधारी झाली, 1947-48 मध्ये काश्मीरात लढली, आणि 1952 मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. तिचं नाव 2 पॅरा, कंसात मराठा. 11 डिसेंबर 1971 च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या हाताखाली हीच बटालियन पूर्व पाकिस्तानातल्या टांगाईलजवळ उतरली. मैमनसिंगकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवायची, म्हणून पुंगली पुलावर कब्जा करायचा होता. डाकोटा, पॅकेट, एएन-12, मिळतील ती विमानं. उडी स्टॅटिक लाईनची. एक बटालियन उतरली, जगभर बातमी गेली की ब्रिगेड उतरली. आणि उत्तरेकडून जमिनीवरून त्या पुलाशी येऊन त्यांना मिळाली कोण? 1 मराठा लाईट इन्फन्ट्री. वरून मराठे, खालून मराठे. 16 डिसेंबरला ढाक्यात आधी शिरलेल्यांत 2 पॅरा होती.

त्या शेकडो जवानांपैकी कुणालाही कडी ओढावी लागली नाही. ज्या दोरानं कॉल्डवेल गेले, त्याच कल्पनेच्या दोरानं हे उतरले. मधल्या पन्नास वर्षांत दोराचा रस्ता सुधारला होता. तो कुठून सुटतो, विमानाच्या कोणत्या दारातून, शेपटीपासून किती दूर, याचा अभ्यास झाला होता.

आता खेळाकडे. स्कायडायव्हिंग. यात दोर नाही, अर्विनची कडी आहे, किंवा हातानं फेकायची लहान छत्री. 1964 मध्ये डॉमिना जालबर्ट यानं हवा भरणाऱ्या कप्प्यांची, पंखासारखी छत्री काढली. ती वळवता येते, म्हणून आज चौकोनी छत्र्या दिसतात. सत्तरच्या दशकात बिल बूथ यानं तीन कड्यांची एक जोडणी काढली. मुख्य छत्री बिघडली तर ती टाकून देऊन राखीव उघडायची असते. पूर्ण वजन लटकत असताना बकल सोडवणं अवघड. बूथनं मोठी कडी, तिच्यातून मधली, तिच्यातून लहान, असं ओवून तरफेसारखी भाराची विभागणी केली. शेवटी फक्त एका बारीक दोऱ्याच्या फाशावर थोडासा भार राहतो. एक मूठ ओढली की सगळं सुटतं. पुन्हा भाराचं वाटप.

आणि 1991 मध्ये हेल्मुट क्लोथ या जर्मन माणसानं सायप्रेस नावाचं उपकरण आणलं. ते हवेचा दाब मोजत राहतं. जमिनीपासून सव्वादोनशे मीटरच्या खाली येऊनही माणूस सेकंदाला पस्तीस मीटरहून वेगानं पडतो आहे असं दिसलं, तर ते राखीव छत्रीचा फास स्वतः कापतं. माणूस बेशुद्ध असो, गोंधळलेला असो, वेळेचं भान हरपलेला असो. म्हणजे हाताची कडी अर्विनची, आणि हातानं काम केलं नाही तर यंत्र, हा विचार कॅलथ्रॉपचा. दोन्ही एकाच पाठीवर.

अमेरिकेतल्या संघटनेनं 1961 मध्ये नोंदी ठेवायला सुरुवात केली तेव्हा वर्षाला 14 मृत्यू होते. 2021 मध्ये 10 होते, आणि त्या वर्षी उड्या पस्तीस लाखांच्या वर. पण बूथनंच एक कडवट निरीक्षण केलं आहे, की साधन जितकं सुरक्षित होतं तितकी माणसं अधिक धाडस करतात. आज बरेच अपघात छत्री नीट उघडलेली असताना, खाली येताना वेगानं गिरकी घेतल्यामुळे होतात. यंत्र उघडण्याची काळजी घेतं. मिरवण्याची काळजी घेणारं यंत्र अजून निघालेलं नाही.

शेवटचं उदाहरण तुम्हाला आवडेल. पुण्याच्या शीतल महाजन. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी आयुष्यातली पहिली पॅराशूट उडी थेट उत्तर ध्रुवावर घेतली, उणे सदतीस अंशांत. पुढे दक्षिण ध्रुव, 2011 मध्ये पद्मश्री, 2023 मध्ये एव्हरेस्टसमोर उडी. पण मला रस आहे तो 2018 च्या फेब्रुवारीतल्या थायलंडमधल्या उडीत. ती त्यांनी नऊवारी नेसून घेतली. लोकांनी ते कौतुक म्हणून पाहिलं, आणि कौतुक आहेच. पण साधनाच्या नजरेनं पाहा. हार्नेसचे दोन पट्टे दोन्ही मांड्यांभोवती वेगवेगळे जावे लागतात, कारण छत्री उघडते तेव्हा भार मांड्यांवर येतो. पाचवारी साडीत ते शक्य नाही. नऊवारीच्या कासोट्यात दोन पाय वेगळे होतात, पट्टा नीट बसतो. शेतात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून काम करणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या बायांनी ज्या कारणासाठी कासोटा घातला, तेच कारण तेरा हजार फुटांवर कामाला आलं. धोका राहतो तो पदराचा. पदर मुठीवर आला आणि मूठ सापडली नाही, तर संपलं. म्हणून वरचं सगळं कापड साजाखाली घट्ट दाबून, टाचून ठेवावं लागतं.

वेळ झाली आहे. कुर्डुवाडीच्या स्टेशनावर कोणी उतरणार असेल तर सांगतो, त्याचं जुनं नाव बार्शी रोड होतं, विसरू नका. प्रश्न असतील तर विचारा. आधी समोरच्यांचे घेऊ, मग पडद्यावरचे.